बॉम्बरमॅनवाली हडसन गेली कुठे?

प्रश्न थोडक्यात असा: लहानपणी व्हिडिओ गेमच्या कॅसेटवर बॉम्बरमॅन आणि अ‍ॅडव्हेंचर आयलंड खेळलो, सुरुवातीला पडद्यावर ‘हडसन’ हे नाव यायचं. ती कंपनी आता कुठे आहे? एवढे चांगले खेळ काढणारी कंपनी बंद पडतेच कशी? आणि आज तिचं काही खेळायचं असेल तर काय खेळावं?

आधी सरळ उत्तर देतो. हडसन सॉफ्ट १ मार्च २०१२ रोजी कोनामीच्या खेळ बनवणाऱ्या कंपनीत विलीन झाली आणि कागदोपत्री संपली. तिचं दिवाळं निघालं नव्हतं. ‘खेळ आपटले, म्हणून कंपनी गेली’ हे जे सर्रास सांगितलं जातं, ते मला पटत नाही. खेळ आपटले, पण बरेचसे नंतर. घसरणीचं मूळ नोव्हेंबर १९९७ मध्ये बुडालेल्या एका बँकेत आहे. त्याच्याही मागे जायचं तर कंपनीच्या स्वभावात आहे: हडसन आयुष्यभर दुसऱ्याची जमीन अर्धेलीने कसत राहिली. पीक उत्तम काढलं, पण सातबाऱ्यावर नाव कायम दुसऱ्याचं.

जुने खेळ नव्या यंत्रांवर उतरवणं हा माझा धंदा. त्यात हडसनच्या चिपा वारंवार हाताखालून जातात, त्यामुळे मी जरा तांत्रिक बाजूने सांगेन. कंटाळा आला तर ते परिच्छेद गाळा.

साप्पोरो हे जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरचं मुख्य शहर. टोकियोपासून लांब, हिवाळ्यात बर्फाखाली. तिथे मे १९७३ मध्ये युजी कुदो आणि हिरोशी कुदो या भावांनी हौशी रेडिओवाल्यांसाठी दुकान काढलं. नाव होतं ‘सीक्यू हडसन’. ‘सीक्यू’ म्हणजे हौशी रेडिओवर ‘कोणी ऐकतंय का’ असं विचारायची हाक, आणि ‘हडसन’ हा वाफेच्या इंजिनाच्या चाकांच्या एका रचनेचा प्रकार: पुढे चार, मध्ये सहा मोठी, मागे चार. जपानी रेल्वेची सी-६२ इंजिनं या रचनेची, आणि युजी कुदो रेल्वेवेडे. दुकानात रेडिओची उपकरणं विकत, सोबत कलात्मक छायाचित्रंही. पुढे मायक्रोकॉम्प्युटर आले तसे ते विकायला लागले, आणि १९७८ च्या सुमारास स्वतःच प्रोग्रॅम लिहून विकू लागले. खेळ टेपच्या कॅसेटवर भरायचे, संगणकाच्या मासिकांत जाहिरात द्यायची, ग्राहकाला टपालाने धाडायचे. राजधानीपासून इतक्या दूर बसून देशभर धंदा करायचा तर टपालासारखं साधन नाही.

ही मंडळी नुसते खेळ लिहीत नव्हती. शार्पच्या संगणकांसाठी त्यांनी स्वतःची बेसिक भाषा लिहिली. म्हणजे यंत्राच्या अगदी तळाशी उतरून काम करायची सवय पहिल्यापासून होती, आणि पुढचं सगळं यश मला त्या सवयीचं वाटतं. १९८१ मध्ये मासायोशी सोन यांनी सॉफ्टबँक काढली, तेव्हा त्यांच्या हाती लागलेल्या पहिल्या मोठ्या करारांपैकी एक हडसनचे प्रोग्रॅम विकण्याचा होता. आज अब्जावधींचे सौदे करणारी सॉफ्टबँक तेव्हा प्रोग्रॅमच्या खोक्यांची घाऊक व्यापारी होती.

निन्टेन्डोचा फॅमिकॉम हा टीव्हीला जोडायचा खेळांचा डबा जुलै १९८३ मध्ये आला. पहिलं वर्षभर त्याच्यासाठी खेळ फक्त निन्टेन्डोच काढत होती. त्यांना फॅमिकॉमवर बेसिक हवं होतं, आणि ते लिहायला हडसनइतकं योग्य कोणी नव्हतं. ‘फॅमिली बेसिक’ जून १९८४ मध्ये बाजारात आलं. या कामात हडसनच्या लोकांना फॅमिकॉमची आतली माहिती झाली, आणि दरवाजा उघडला. जुलै १९८४ मध्ये ‘नट्स अँड मिल्क’ आणि ‘लोड रनर’ हे दोन खेळ आले. निन्टेन्डोच्या यंत्रासाठी बाहेरच्या कंपनीने खेळ काढायची सुरुवात ही. नामको तिच्या पाठोपाठ आली, मग कॅपकॉम, कोनामी आणि बाकी सगळे. आज प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, फोनची अ‍ॅप दुकानं सगळीकडे जो रिवाज आहे, की यंत्र एकाचं, खेळ दुसऱ्याचा आणि यंत्रवाल्याला वाटा, तो जपानी कन्सोलांवर रुजायला इथून सुरुवात झाली. लोड रनर मूळचा अमेरिकन, डग्लस स्मिथ यांचा. हडसनने तो जपानी पोरांना झेपेल असा मोठ्या चित्रांचा केला आणि त्याच्या दहा लाखांहून जास्त प्रती विकल्या.

आता तुमचा बॉम्बरमॅन. पहिली आवृत्ती १९८३ मध्ये घरगुती संगणकांवर आली, फॅमिकॉमवरची डिसेंबर १९८५ मध्ये. ती शिनइची नाकामोतो यांनी ७२ तासांत उतरवली असं सांगतात. ऐकायला अतिशयोक्ती वाटते, पण त्या खेळाचा आकार पाहिला की अशक्य वाटत नाही: प्रोग्रॅमला १६ किलोबाइट, चित्रांना ८ किलोबाइट, बस्स. पांढऱ्या रोबोचं चित्रही नवं नव्हतं, लोड रनरमधल्या पाठलाग करणाऱ्या शत्रूचंच उचललेलं होतं. आणि ती उचलेगिरी त्यांनी कथेत बसवली. पन्नास पातळ्या पार केल्यात तर आठवत असेल, शेवटी बॉम्बरमॅन माणूस होतो आणि ‘लोड रनरमध्ये पुन्हा भेटू’ असा निरोप येतो. तुटपुंज्या मेमरीतून निघालेली काटकसर आणि दुसऱ्या खेळाची फुकट जाहिरात, दोन्ही एका फटक्यात.

हाच छोटा आकार तुमच्या लहानपणाशी जोडलेला आहे. नव्वदच्या दशकात आपल्याकडे मिळणारे बहुतेक ‘व्हिडिओ गेम’ हे फॅमिकॉमच्या नकला होते, आणि ‘अमुक इन १’ कॅसेटी बनवणारे स्वस्तातला माल शोधत. फॅमिकॉमचे नंतरचे मोठे खेळ चालवायला कॅसेटमध्ये मेमरीचे कप्पे बदलणारी जादा चिप लागते. १९८४-८५ च्या खेळांना ती लागत नाही, २४ किलोबाइटचा ऐवज सरळ भरता येतो. बॉम्बरमॅन, नट्स अँड मिल्क, लोड रनर, पेंग्विनच्या जोडीचा बायनरी लँड, हे सगळे हडसनचे आणि सगळे त्याच मापाचे. म्हणून एका मोठ्या चिपमध्ये असे डझनावारी खेळ कोंबले जात. कित्येकदा शीर्षकाच्या पडद्यावरून कंपनीचं नाव आणि साल पुसलेलं असे. तुमच्या कॅसेटवर ‘हडसन’ दिसत होतं, म्हणजे नक्कल करणारा आळशी होता असं समजा. या सगळ्यातला एक पैसाही साप्पोरोला पोचला नाही हे वेगळं सांगायला नको.

अ‍ॅडव्हेंचर आयलंडची गोष्ट मजेशीर आहे. तो मूळचा ‘वंडर बॉय’, एस्केप नावाच्या छोट्या कंपनीने सेगासाठी बनवलेला. खेळाचा ढाचा एस्केपकडे, पण नाव आणि नायक सेगाच्या ताब्यात. हडसनने ढाचा घेतला आणि नायकाच्या जागी स्वतःच्या जाहिरात विभागातला एक माणूस बसवला! टोपी घातलेला, कमरेला पानं गुंडाळलेला तो गुटगुटीत गडी म्हणजे तोशियुकी ताकाहाशी, जपानभर ‘ताकाहाशी मेइजिन’ म्हणून गाजलेला. (मेइजिन ही गो आणि शोगीच्या अव्वल खेळाडूची पदवी.) जपानबाहेर त्याचं नाव मास्टर हिगिन्स झालं.

ताकाहाशींबद्दल दोन शब्द जास्त लिहायला हवेत, कारण त्यांच्याशिवाय हडसन समजत नाही. साप्पोरोचाच माणूस, १९८२ मध्ये कंपनीत लागला. १९८५ च्या उन्हाळ्यात हडसनने ‘कॅराव्हॅन’ सुरू केली: देशभर फिरून मुलांच्या गोळीबाराच्या खेळांच्या स्पर्धा घ्यायच्या. पहिल्या वर्षी ‘स्टार फोर्स’, दुसऱ्या वर्षी ‘स्टार सोल्जर’. ठरलेल्या मिनिटांत जास्तीत जास्त गुण मिळवायचे. मंचावर ताकाहाशी एका सेकंदात १६ वेळा बटण दाबून दाखवत. या बोटांनी त्यांनी कलिंगड फोडलं अशा गोष्टी पोरांत पसरल्या. १९८६ मध्ये त्यांच्यावर चित्रपटही निघाला. आणि हाच माणूस पोरांना सांगे, ‘खेळ दिवसाला एकच तास’. खेळ विकणाऱ्या कंपनीच्या तोंडी हे वाक्य! पण पालकांना धीर आला, आणि दुकानातल्या खरेदीचे पैसे शेवटी पालकच देतात. आजच्या ई-स्पोर्ट्सवाल्यांनी ही कॅराव्हॅन नीट अभ्यासावी. भव्य बक्षिसं नव्हती, प्रक्षेपण नव्हतं, तरी गावोगावची मुलं रांगा लावत.

आता तो भाग, जो मला सगळ्यात जवळचा आहे: पीसी इंजिन, हडसनच्या चिपांवर चालणारं घरगुती खेळांचं यंत्र. फॅमिकॉमच्या मर्यादा रोज सोसणाऱ्या हडसनच्या अभियंत्यांनी स्वतःच चिपा आखल्या. त्या आधी निन्टेन्डोला दाखवल्या आणि निन्टेन्डोने नाकारल्या असं या धंद्यात सांगितलं जातं. फॅमिकॉम धो-धो विकला जात असताना नव्या यंत्राची त्यांना घाई नसणारच. मग एनईसी भेटली. संगणकांच्या बाजारात दांडगी, घरगुती खेळांत नवखी, खिशात पैसे. ३० ऑक्टोबर १९८७ रोजी पीसी इंजिन बाजारात आलं, किंमत २४,८०० येन. डबा तळहाताएवढा, खेळ कॅसेटीऐवजी पातळ कार्डावर. हे ‘ह्यूकार्ड’ एटीएम कार्डाच्या मापाचं. हडसनने आधी एमएसएक्स संगणकांसाठी ‘बी कार्ड’ काढलं होतं, त्याचंच हे पुढचं रूप.

यंत्राचा मेंदू ८ बिटचा, पण वेग सात मेगाहर्ट्झच्या वर, फॅमिकॉमच्या चौपट. चित्राची चिप मात्र १६ बिटच्या तोडीची, आणि रंग इतके की पडद्यावर एकाच वेळी चारशेहून अधिक दाखवता येत. आर्केडचे, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मोठ्या यंत्रांवरचे खेळ घरी जवळपास जसेच्या तसे दिसतात हे जपानी ग्राहकाने पहिल्यांदा इथे पाहिलं. दोन उणिवा होत्या. एक, पार्श्वभूमीचा थर एकच, त्यामुळे मागचे डोंगर हळू आणि पुढची झाडं वेगात सरकवायची तर प्रोग्रॅमरला नाना युक्त्या कराव्या लागत. जुने कोड वाचताना या युक्त्या दिसल्या की मी अजूनही काम थांबवून बघत बसतो. दुसरी, कंट्रोलर जोडायला जागा एकच. दोघांनी खेळायचं तर वेगळी जोडणी विकत घ्या. गंमत अशी की त्याच जोडणीत पाच कंट्रोलर लागत, म्हणून १९९० च्या बॉम्बरमॅनमध्ये पाच जण एकत्र खेळू शकले. बॉम्बरमॅन ही खरी जत्रा तेव्हा झाली. एकट्याने खेळायचा फॅमिकॉमवरचा खेळ त्याच्यापुढे सरावाचा वाटतो.

डिसेंबर १९८८ मध्ये त्याच यंत्राला सीडी-रॉम जोडण्याची सोय आली. घरगुती कन्सोलवर सीडी ही जगात पहिलीच. किंमत यंत्राच्या दुपटीहून जास्त, ५७,३०० येन. सीडीवर शेकडो मेगाबाइटची जागा, पण त्यातून वाचलेलं ठेवायला यंत्रात मेमरी फक्त ६४ किलोबाइट! सगळा खेळ घासाघासाने आणायचा. तरी लोकांनी काय काय केलं त्यात: १९८९ मध्ये ‘तेंगाई माक्यो’ हा भूमिकाप्रधान खेळ आला, संगीत र्‍युइची साकामोतो यांचं. १९९२ च्या दुसऱ्या भागाला जो हिसाइशी. कलाकारांचे आवाज, वाद्यवृंदाचं संगीत, हे सगळं प्लेस्टेशनच्या कित्येक वर्षं आधी. जपानात पीसी इंजिन सेगाच्या मेगा ड्राइव्हच्या पुढे राहिलं. अमेरिकेत मात्र ‘टर्बोग्राफ्स-१६’ या नावाने ऑगस्ट १९८९ मध्ये, म्हणजे जवळपास दोन वर्षं उशिरा आणि सेगाच्या जेनेसिसबरोबर (मेगा ड्राइव्हचं तिथलं नाव) एकाच महिन्यात उतरलं, आणि मागे पडलं. जाहिरात कमी, खेळांची निवड चुकीची. त्यावर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत, मी भर घालत नाही.

पुढचं यंत्र पीसी-एफएक्स, डिसेंबर १९९४. त्याच महिन्यात सोनीचं प्लेस्टेशन ३९,८०० येनला आलं, हे ४९,८०० ला. चलचित्र दाखवण्यात पीसी-एफएक्स पटाईत होतं, पण बहुभुजांची त्रिमितीय चित्रं काढायची सोय त्यात नव्हतीच. एनईसी आणि हडसनला वाटलं, खेळाडूला अ‍ॅनिमेशन हवंय. खेळाडूला गाड्या वळवायच्या होत्या आणि गुद्दे मारायचे होते. यंत्र साफ पडलं.

पण कंपनी त्याने मेली नाही, कारण ती मुळात दुसऱ्याच्या यंत्रांवरही जगत होती. फॅमिकॉमच्या पुढच्या यंत्रावर, सुपर फॅमिकॉमवर, सुपर बॉम्बरमॅन चालत होता. अकिरा साकुमा यांचा ‘मोमोतारो देन्तेत्सु’ दर थोड्या वर्षांनी नवा निघे: फासे टाकून जपानभर आगगाडीने फिरायचं, मालमत्ता विकत घ्यायची, आणि मागे पडलेल्याच्या मानगुटीवर दारिद्र्याचा देव बसायचा. रेल्वेवेड्याने काढलेल्या कंपनीला शोभणारा खेळ. १९९८ मध्ये निन्टेन्डोसाठी हडसनने ‘मारियो पार्टी’ बनवला. त्यातल्या एका प्रकारात कंट्रोलरची काडी तळव्याने गरागरा फिरवून अमेरिकेत मुलांच्या हाताला फोड आले, आणि २००० साली निन्टेन्डोला हातमोजे पुरवायचं कबूल करावं लागलं. पोरांच्या हातांचा छळ ही हडसनची जुनीच परंपरा! मारियो पार्टीचे आठव्या भागापर्यंतचे मुख्य खेळ हडसननेच बनवले. खोक्यावर मोठं नाव मात्र निन्टेन्डोचं.

मग ती बँक. १७ नोव्हेंबर १९९७ रोजी होक्काइदो ताकुशोकु बँक कोसळली. जमिनींच्या भावफुगवट्याच्या काळात दिलेली कर्जं बुडीत निघाली होती. युद्धोत्तर जपानात एवढी मोठी व्यापारी बँक बुडण्याची ही पहिलीच वेळ, आणि होक्काइदोतल्या अनेक उद्योगांचं सगळं तिच्यावर अवलंबून. हडसनचीही ती मुख्य बँक. जपानी पद्धतीत मुख्य बँक म्हणजे नुसती कर्ज देणारी नव्हे, अडचणीत पाठीशी उभी राहणारीही. तीच गेली. खेळ बनवायला दोन-तीन वर्षं खर्च करायचा आणि पैसे नंतर, अशा धंद्यात तर हे फारच जड.

मग भांडवलासाठी दुसरीकडे हात पसरणं आलं. डिसेंबर २००० मध्ये हडसनने नॅस्डॅक जपान या शेअर बाजारात समभाग नोंदवले. ऑगस्ट २००१ मध्ये कोनामीने मोठा हिस्सा घेतला आणि सर्वांत मोठी भागधारक झाली. २००४ मध्ये युजी कुदो बाहेर पडले. एप्रिल २००५ मध्ये कोनामीचा वाटा सुमारे ५४ टक्क्यांवर गेला आणि हडसन तिची उपकंपनी झाली. माझ्या मते कंपनी म्हणून हडसनचा कारभार इथेच संपला. पुढची सात वर्षं निरवानिरवीची.

तो काळ अगदीच वांझ नव्हता. निन्टेन्डोच्या वी (Wii) या यंत्राच्या कंट्रोलरने बोर्ड तिरपा करून गोटी घरंगळवायचा कोरोरिन्पा खरोखर छान आहे. पण २००६ चा ‘बॉम्बरमॅन: अ‍ॅक्ट झीरो’ही याच काळातला. गोंडस बॉम्बरमॅनला काळ्या-करड्या चिलखतात घालून, पाश्चात्त्य ग्राहकाला हेच आवडेल असा कोणाचा तरी अंदाज. समीक्षकांनी धुऊन काढलं. मालकाला आकडे दाखवायची घाई असली की अशी कामं होतात.

२०११ मध्ये सगळं भराभर झालं. अमेरिकेतलं कार्यालय बंद, तिथे चाललेला बाँकचा (पीसी इंजिनवरचा डोकं आपटणारा गुहामानव) नवा खेळ रद्द, एप्रिलपासून कोनामीची १०० टक्के मालकी, मे अखेरीस ताकाहाशी बाहेर. मार्च २०१२ मध्ये विलीनीकरण झालं.

माणसं कुठे गेली, हे विचारायला हवं. मारियो पार्टीच्या चमूतले बरेच जण आधीच निन्टेन्डोच्या एनडी क्यूब या उपकंपनीत गेले होते. मारियो पार्टीचा नववा भाग तिथे बनला, आणि त्या कंपनीने साप्पोरोतही कार्यालय ठेवलं. मोमोतारोवरून साकुमा आणि कोनामी यांचं २०१५ मध्ये जाहीर बिनसलं, पुढचा भाग २०१६ मध्ये निन्टेन्डोने काढला, मग समेट होऊन २०२० मध्ये कोनामीने निन्टेन्डोच्या स्विच यंत्रावर नवा आणला आणि त्याच्या तीस लाखांहून जास्त प्रती खपल्या. हडसन नसताना हडसनचा खेळ इतका खपला, तेव्हा माल वाईट होता म्हणून कंपनी गेली, असं मला म्हणवत नाही. कोनामीला नावं हवी होती, ती मिळाली.

आता काय खेळावं? स्विचवरचा सुपर बॉम्बरमॅन आर (२०१७) सहज मिळतो, चारचौघांत बरा जातो. कोनामीने २०२० मध्ये काढलेलं छोटं पीसी इंजिन मिनी हाती लागलं तर सोडू नका, त्यात बॉम्बरमॅन ९४ आहे आणि माझ्या मते दोन ते पाच जणांसाठी तोच सगळ्यात तोलाचा. स्टार सोल्जर खेळायचा तर आपोआप गोळ्या सुटणारा कंट्रोलर वापरू नका, सगळी मजा बोटांत आहे. आणि कोणाकडे सेगा सॅटर्न असेल, तर १९९६ चा सॅटर्न बॉम्बरमॅन शोधा. दहा जण एकाच पडद्यावर. त्यासाठी दोन मल्टिटॅप (एका जागी अनेक कंट्रोलर लावायची जोडणी) लागतील, आणि पडदा मोठा घ्या, नाहीतर आपला माणूस कुठला हेच कळत नाही.